वरून काळाभोर थर, आत गंज: गाडी सांभाळताना या चुका टाळा

अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला संरक्षक थर, करून घेतले की गंजाची चिंता मिटली, ही समजूत सर्वांत महागात पडते. ओल्या चिखलावर किंवा आधीच धरलेल्या गंजावर जाड रबरी थर मारला, तर आतली ओल तिथेच कोंडली जाते आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या थराखाली गंज पत्रा निवांत पोखरत राहतो. माझ्या मते असे कोटिंग करण्यापेक्षा न केलेले बरे, कारण उघडा गंज निदान डोळ्यांना दिसतो. तळाचा थर कुठे फुगलेला असेल किंवा बोटाने दाबल्यावर दबत असेल, तर तो भाग खरवडून पाहावा. गंज आढळल्यास तो तारेच्या ब्रशने घासावा आणि पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारे रसायन), मग प्रायमर आणि शेवटी कोटिंग, हा क्रम पाळावा. सायलेन्सर, ब्रेकचे भाग आणि सेन्सर कोटिंगपूर्वी झाकून घ्यावेत.

कोटिंगच्या घाईत दारांच्या खालच्या कडेची बारीक छिद्रे बुजवली जातात. काचेवरून ओघळणारे पाणी दारात शिरतेच, ते बाहेर पडण्यासाठीच ही छिद्रे ठेवलेली असतात. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर ती तुंबली आहेत असे समजावे आणि प्लॅस्टिकच्या बारीक काडीने मोकळी करावीत. टोकदार तार घातल्यास कडेचा रंग खरवडला जातो. बाहेरून फोड दिसेपर्यंत पत्रा बहुधा आतून गंजलेला असतो.

रंगाचे नुकसान मात्र आपल्याच हातून अधिक होते. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो, आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवणेच होय. पक्ष्याची विष्ठाही घासू नये. ओले फडके काही मिनिटे ठेवून ती अलगद उचलावी. भांड्यांचा साबण वॅक्सचा थर काढून टाकतो, म्हणून गाडीचाच शाम्पू वापरावा. ओल्या किंवा धुळकट गाडीवर कव्हर घालू नये.

ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकत असेल, तर नुसत्या पॉलिशने काम भागत नाही. तळाशी धातू दिसत असल्यास गंज धरण्याआधी तिथे प्रायमर आणि टचअपचा रंग लावून घ्यावा.