इथाकामध्ये खोली घेताना चढ आधी बघावा
न्यूयॉर्क राज्यातील इथाका हे जेमतेम 32 हजार वस्तीचे गाव असून, 1865 मध्ये स्थापन झालेले कॉर्नेल विद्यापीठ तेथील कयुगा सरोवरापासून सुमारे 400 फूट उंचीवरच्या टेकडीवर आहे. त्यामुळे नकाशावरील अंतर पाहून खालच्या बाजारपेठेजवळ स्वस्त खोली ठरवण्यापूर्वी टीकॅट या स्थानिक बससेवेचा थांबा, शेवटच्या गाडीची वेळ आणि सुट्टीतील वेळापत्रक पाहून घ्यावे. कॅस्काडिला घळीतील धबधब्यांकाठची दगडी पायऱ्यांची वाट गावातून थेट विद्यापीठात पोहोचवते खरी (आणि ती आहेही फार देखणी), परंतु हिवाळ्यात बर्फामुळे ती बंद ठेवतात. विद्यापीठालगतच्या कॉलेजटाउन या वस्तीत भाडे जास्त पडते, मात्र वर्ग पायी गाठता येतात.