घोडी फळवण्याआधी घोडीची तपासणी

दिवस मोठे होऊ लागले की घोड्या माजावर येतात आणि घोडीवाल्यांची धावपळ सुरू होते. घोडा कोणता लावायचा यावर महिनोन्‌महिने खल होतो. घोडीच्या गर्भाशयाची चौकशी मात्र ती दोन-तीनदा उलटल्यावरच (गाभ न राहता पुन्हा माजावर आल्यावरच) होते, आणि तोवर अर्धा हंगाम हातचा गेलेला असतो. हंगामाच्या निदान दोन महिने आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. दोष निघालाच तर उपचाराला वेळ मिळतो.

हंगामाच्या तोंडावरचा माज फसवा असतो. घोडी कित्येक दिवस, कधी आठवडेही, माज दाखवते. पण अंडाशयातून बीज सुटत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा घोडा दाखवून घोडा दमतो आणि दर खेपेला घोडीच्या गर्भाशयात घाण जाते. चक्र बसले की माज साधारण २१-२२ दिवसांनी येतो, ५ ते ७ दिवस टिकतो आणि बीज माजाच्या शेवटच्या दिवसा-दोन दिवसांत सुटते. सुटलेले बीज बारा तासही धड टिकत नाही. नैसर्गिक संयोगातले शुक्राणू दोन दिवस सहज तग धरतात, म्हणून घोडा बीज सुटण्याच्या आधी लागलेला बरा. गोठवलेल्या रेताने कृत्रिम रेतन करताना ही सवलत नाही. तिथे सोनोग्राफीशिवाय वेळ साधत नाही. घोडी लवकर फळवायचीच असेल, तर सुमारे दोन महिने आधीपासून उजेड आणि दिवा मिळून रोज १६ तास प्रकाश द्यावा लागतो. ऐनवेळी दिवा लावून उपयोग नाही.

आता एक पाहणी, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कुणाला तरी घोडीचे तोंड धरायला सांगा, स्वतः पुठ्ठ्याच्या बाजूला उभे राहा (अगदी मागे नको, लाथ बसेल) आणि शेपूट बाजूला करून पाहा. योनीचे ओठ सरळ उभे आणि एकमेकांना घट्ट मिटलेले हवेत. म्हाताऱ्या, बरीच वेते झालेल्या किंवा रोड घोडीत गुदद्वार आत ओढले जाते, ओठांचा वरचा भाग आडवा होतो आणि लीद थेट त्यावर पडते. ओठ हलकेच विलग केल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर आतले झाकणही सैल आहे असे समजा. अशा घोडीला कितीही औषध दिले तरी लीद आणि हवा आत जातच राहते आणि जंतुसंसर्ग पुन्हा होतो. यावर उपाय म्हणजे ओठांचा वरचा भाग शिवून घेणे. काम छोटे आहे, पण विण्याच्या दोन-चार आठवडे आधी ती शिवण उघडावी लागते. विसरलात तर विताना घोडी फाटते. रोड घोडीला आधी अंगावर आणा. कधी कधी तेवढ्यानेही ओठांची ठेवण सुधारते.

गर्भाशयातील संसर्गाची तपासणी माजात करायची, कारण तेव्हा गर्भाशयमुख उघडे असते. नमुन्यातून नुसते जंतू वाढवून पाहणे पुरेसे नाही, कारण ते बाहेरून लागलेले असू शकतात. सोबत पेशींची तपासणीही करून घ्या. दाह खरोखर आहे की नाही ते तिथे कळते. तपासणी न करता गर्भाशयात प्रतिजैविक सोडण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. त्यातून पुढे बुरशीचा संसर्ग मागे लागतो, आणि तो जंतूंपेक्षा चिवट असतो. वारंवार उलटणाऱ्या किंवा वयस्क घोडीच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घेतला, तर ती गर्भ शेवटपर्यंत धरेल का याचा अंदाज येतो.

संयोगानंतर गर्भाशयाला थोडी सूज येणे आणि आत पाणी साठणे स्वाभाविक आहे. रेतानेच ती येते. चांगली घोडी एक-दोन दिवसांत ते पाणी बाहेर टाकते. काहींना ते जमत नाही. उतारवयात पहिल्यांदाच फळवलेल्या घोडीचे गर्भाशयमुख नीट उघडत नाही, त्यामुळे तिच्यात हा दोष बरेचदा दिसतो. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पाणी दिसले, तर पशुवैद्यक गर्भाशय धुतात आणि ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पाववणारे संप्रेरक) देतात. ‘धुतले तर गर्भ जाईल’ ही भीती नको. गर्भ सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो. घोडीला बांधून न ठेवता फिरवा, निचऱ्याला मदत होते.

घोड्याची तपासणीही मागा. गर्भाशयाचा एक सांसर्गिक रोग असा आहे, की घोडा वरून ठणठणीत दिसतो आणि घोडीमागून घोडीला तो देत जातो.

बीज सुटल्यापासून १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी चुकवू नका. जुळे पाहण्याची हीच वेळ. सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भ एका जागी बसतात. त्याआधी दोन्ही वेगळे करून एक काढता येतो. जुळी राहिलेली घोडी बहुतेकदा उशिरा गाभडते आणि तिचाही जीव धोक्यात येतो. दुसरी तपासणी ३० दिवसांच्या आत करा. ३५ दिवसांनंतर गर्भ गेला, तर गर्भाशयात तयार झालेल्या संप्रेरकामुळे घोडी बराच काळ नीट माजावर येत नाही, आणि तो हंगाम संपल्यातच जमा.

गाभणपणी पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात हर्पिस विषाणूची लस, आणि विण्याआधी चार ते सहा आठवडे धनुर्वाताची. घोडी साधारण ११ महिन्यांनी विते. विताना पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी पुढे आली, तर फोनवर वाट पाहू नका. ती लगेच फाडून शिंगरू बाहेर काढा, त्याचा श्वास अडलेला असतो. वार तीन तासांत पडली नाही तर तातडीने पशुवैद्यकाला बोलवा, आणि लोंबणारी वार हाताने ओढू नका.

व्याल्यावर आठवड्याभरात येणारा माज पाहून घोडा लावायचा मोह होतो. वेत अडचणीचे झाले असेल, वार अडकली असेल किंवा गर्भाशयात पाणी दिसत असेल, तर तो माज सोडून द्या. सगळे ठीक असले, तरी दहाव्या दिवसाआधी बीज सुटत असेल तर थांबा आणि पुढच्या माजाला घोडा लावा.