कॉर्सेटची सवय लावताना या चुका टाळा

कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून आकार देणारा, मागे नाडी असलेला पट्टा. नवा असताना तो टोचतो, श्वास पुरत नाही, तासाभरात काढून टाकावासा वाटतो. तरी "होईल हळूहळू सवय" म्हणून बऱ्याच जणी तो तसाच सोसतात. असं करू नका. बरोबर मापाचा कॉर्सेट पहिल्या दिवसापासून घट्ट लागतो, पण दुखत नाही. दुखत असेल तर माप चुकलं आहे, नाडी जास्त आवळली आहे किंवा घाई झाली आहे.

आधी अपेक्षेबद्दल. कॉर्सेटने चरबी वितळत नाही. तो पोटाचा मऊ भाग आणि खालच्या तरंगत्या बरगड्या दाबून आकार देतो, आणि काढला की शरीर बहुतांशी मूळ आकाराला येतं. अमेरिकेतल्या कॅथी जंग यांच्या कॉर्सेटमधल्या १५ इंची कंबरेची नोंद गिनीज बुकात आहे. कॉर्सेट काढल्यावर तीच कंबर २१ इंच भरते, तीही वर्षानुवर्षं घातल्यानंतर. त्यामुळे "महिन्यात कायमची ४ इंच कमी" अशा जाहिरातीवर पैसे घालवू नका. कपड्याखाली सुरेख घडण हवी, पाठीला ताठपणा हवा, म्हणून घालणार असाल तर जरूर घाला.

सगळ्यात महागात पडते ती मापाची चूक. कुर्ती एल लागते म्हणून कॉर्सेटही एल मागवला, असं चालत नाही. छातीच्या लगेच खालचा घेर, कंबरेचा सगळ्यात बारीक भाग आणि कंबरेखाली दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवरचा घेर अशी तीन मापं टेपने घ्या. कंबर ३२ इंच असेल तर नवख्या व्यक्तीला साधारण २८ इंची कॉर्सेट पुरतो, आणि तोही सुरुवातीला पूर्ण मिटवायचा नसतो. पाठीमागे फट राहू द्यायची. चौथं माप उंचीचं, ते हमखास राहून जातं. खुर्चीवर ताठ बसा आणि छातीखालपासून मांडीपर्यंतचं अंतर मोजा. कॉर्सेट त्याहून लांब असेल तर बसताना खालची कड मांडीत रुतणार आणि वरची छातीला ढकलणार. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर आखूडच घ्या.

ऑनलाइन "वेस्ट ट्रेनर" या नावाने जे मिळतं ते बहुतेकदा लॅटेक्सचा हुकवाला पट्टा असतो. त्याला नाडी नसते, त्यामुळे अर्धा इंच सैल करायची सोय नसते. आत घाम साचतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामोळं उठतं, आणि वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं. सवय लावायची तर स्टीलच्या पट्ट्यांचा, सुती अस्तराचा, मागे नाडी असलेला कॉर्सेटच घ्या.

घालताना नाडी आधी पूर्ण सैल करा, मगच पुढच्या खिट्ट्या लावा. नाडी आवळलेली ठेवून खिट्ट्या ओढल्या तर पुढची पट्टी वाकते. मग वरून आणि खालून थोडी थोडी नाडी ओढत कंबरेशी आणा आणि तिथेच गाठ मारा. उरलेली नाडी कंबरेभोवती गुंडाळू नका, कापडावर ताण येतो. पहिल्या काही वेळा वरच्या आणि खालच्या कडेतून हाताचा पंजा सहज आत जाईल इतकंच आवळा. रोज तास-दोन तास, असे दोनेक आठवडे जाऊ द्या. तेवढ्यात कापड आणि पट्ट्या तुमच्या अंगाचं वळण घेतात.

आता आरशाकडे पाठ करून मागची फट बघा, कारण दुखण्या-टोचण्याची बरीचशी कारणं तिथेच कळतात. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर उत्तम. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर बरगड्यांना जागा कमी पडते आहे. खाली रुंद असेल तर नितंबांना. वर-खाली दोन्हीकडे उघडी आणि मधे मिटलेली असेल तर त्या कॉर्सेटला तुमच्या शरीराइतकं वळणच नाही, आणि जास्त आवळून ते येणार नाही, बदलूनच घ्या. मधे फुगलेली फट मात्र नव्या कॉर्सेटमध्ये घाईने आवळल्यामुळे दिसते. लगेच सैल करा, नाहीतर पट्ट्या कायमच्या वाकतात.

आत पातळ सुती बनियन घाला. चपला-बूट कॉर्सेटच्या आधी घाला, नंतर वाकता येत नाही. पोटभर जेवून घालू नका, आम्लपित्त उसळतं. व्यायाम करताना आणि झोपताना काढा. पोटाचे आणि पाठीचे स्नायू सैलावू नयेत म्हणून त्यांचा व्यायाम वेगळा चालू ठेवा. काढल्यावर कॉर्सेट खुर्चीच्या पाठीवर उघडा वाळवा. मशीनमध्ये धुतला तर स्टील गंजतं.

काही तक्रारींवर एकच उपाय: लगेच सोडा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा म्हणजे कंबरेखालच्या बाजूच्या हाडाजवळचा मज्जातंतू दाबला जातो आहे. छातीत दुखणं, चक्कर, धाप, बरगडीत कळ यातलं काहीही झालं तर त्या दिवशी पुन्हा घालू नका, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा.

बाळंतिणीचं पोट सुती कापडाने बांधायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्या कापडाची जागा कॉर्सेटला देऊ नका. कॉर्सेटचा दाब खाली ओटीपोटावर जातो, आणि बाळंतपणानंतर तिथले स्नायू आधीच सैल असतात; अंग बाहेर येण्याचा त्रास वाढू शकतो. सिझेरियनचे टाके असतील तर डॉक्टर सांगतील तोच पट्टा, सांगतील तितकाच वेळ वापरा. गरोदरपणात कॉर्सेट नकोच. हर्निया, उच्च रक्तदाब किंवा दमा असेल तर विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.