अडॅप्टर आधी वाचा, मग लावा

पुण्याहून न्यू जर्सीला आलो तेव्हा आमच्या बॅगेत बायकोचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, साड्यांच्या घड्यांत जपून ठेवलेला. पहिल्याच रविवारी तिनं तो लावला. षड्जाऐवजी नुसती मरगळलेली घरघर. ती रडवेली झाली. पण तानपुऱ्याला काहीच झालं नव्हतं. त्याच्या जड, काळ्या अडॅप्टरवर ‘२३० व्होल्ट’ लिहिलं होतं आणि इथं भिंतीतून येतात १२० व्होल्ट. आत साधा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे १२ व्होल्टच्या जागी जेमतेम सहा बाहेर पडत होते.

म्हणून नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट सांगतो ती ही की, अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर निर्धास्त राहा, फक्त इथली चपटी पिन लागेल. लॅपटॉपचे आणि मोबाइलचे जवळजवळ सगळे तसेच असतात. नुसतं ‘२३०’ असेल तर तो अडॅप्टर आणू नका, यंत्र तेवढं आणा. इथं नवा अडॅप्टर सहज मिळतो. (मिक्सर मात्र आणूच नका. त्याला अवजड ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि इथल्या विजेवर चालणारे मिक्सर इथल्या भारतीय दुकानांत मिळतात.)

नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. १२ ला १२, ९ ला ९. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कारण यंत्र हवा तेवढाच प्रवाह ओढतं. कमी मात्र नकोत. मग ध्रुव बघा: गोलाच्या मधल्या ठिपक्याला अधिक जोडलंय की उणे, ते छोट्या चित्रात दाखवलेलं असतं. ते उलटं झालं तर यंत्र क्षणात जाऊ शकतं. गिटारची बरीच पेडल ९ व्होल्टची आणि मध्ये उणे असलेली असतात, त्यामुळे ‘९ व्होल्ट म्हणजे ९ व्होल्ट’ म्हणून हाताला येईल तो अडॅप्टर खुपसू नका. गोल पिनेचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.५ची पिन २.१च्या जागी जाते, पण सैल बसते, आणि वायर हलवली की आवाज येतो-जातो. यात लोक महिना महिना घालवतात.

अडॅप्टर मेलाय असं वाटलं तर आधी भिंतीकडे बघा. इथल्या सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं. कित्येक घरांत दिवाणखान्यातलं एखादं सॉकेट दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर चालतं. बटण बंद, सॉकेट मेलेलं. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये सॉकेटवरच ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन बटणं असतात. ‘रीसेट’ दाबून बघा. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्यानं दोन चार्जर फेकून दिले होते, आणि दोष या बटणाचा होता.

भिंत ठीक असेल तर साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घ्या. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरच्या कडेला. आकड्याआधी उणे आलं तर मध्ये उणे आहे. जुना जड अडॅप्टर मोकळा असताना १२च्या जागी १६ही दाखवतो, घाबरू नका. हलका, नव्या धाटणीचा १२च्या आसपासच दाखवायला हवा. मोकळा असताना बरोबर आणि यंत्र लावल्यावर कोसळला, तर तो थकलाय किंवा तुमची मागणी त्याच्या कुवतीबाहेर आहे.

गणपतीत हे हमखास घडतं. मखराला पाच मीटरची एलईडी पट्टी, मीटरला १४ वॅटची, म्हणजे ७० वॅट, १२ व्होल्टवर सहा अँपिअर. घरात सापडलेला दोन अँपिअरचा अडॅप्टर लावला की तो स्वतःला वाचवायला बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. बाप्पासमोर पट्टी लुकलुकत राहते. आठ अँपिअरचा घ्या, काम झालं. दूरचं टोक मंद दिसत असेल तर पट्टीतल्या तांब्याच्या पातळ थरात व्होल्ट गळताहेत. त्याच अडॅप्टरची वायर दुसऱ्या टोकालाही जोडा, अधिकला अधिक, उणेला उणे.

अडॅप्टर फुगला, जळका वास आला किंवा हात ठेववेना इतका तापला तर काढा आणि टाकून द्या. तो उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर १७० व्होल्टपर्यंत भार राहू शकतो. नवा घेताना सुरक्षा-तपासणीची यूएल किंवा ईटीएल ही खूण बघून घ्या.

गावाकडे जाताना हेच उलट्या दिशेनं सांभाळा. ‘१२०’ एवढंच लिहिलेला अडॅप्टर पुण्यात २३० वर लावला तर तो जळतो. आमच्या घरी अशा प्रत्येक अडॅप्टरवर लाल चिकटपट्टी आहे. लाल दिसला की तो बॅगेत जात नाही.