कोकणातील बंद घराचा विमा आणि त्याची राखण

गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुटी एवढ्यापुरतेच उघडणारे आणि उरलेले आठ-नऊ महिने कुलपात राहणारे घर हे मुंबई-पुण्यातील हजारो कोकणी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे ठिकाण आहे. पण विम्याच्या दृष्टीने ते राहत्या घराहून अगदी वेगळे प्रकरण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा वेळी छप्पर उडाल्याचे किंवा ओटीपर्यंत पाणी चढल्याचे मालकाला शेजाऱ्याच्या फोनवरून कळते आणि रस्ते मोकळे होऊन तो गावी पोहोचेपर्यंत अनेक दिवस जातात. म्हणूनच अशा घराचा विमा काढताना ‘हप्ता किती’ या प्रश्नाआधी ‘घर बंद असते हे कंपनीला लेखी कळवले आहे का’ आणि ‘घराची निगा राखली होती हे मला दाखवता येईल का’ या दोन प्रश्नांची उत्तरे तयार असावी लागतात.

विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. आगीचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करावी. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, वणवा, झाड किंवा वाहन घरावर आदळणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे या कारणांनी झालेले नुकसान तिच्यात येते. घराबरोबरच कंपाउंडची भिंत, फाटक, पडवी, सेप्टिक टँक, पाण्याची कायमची टाकी, सौर पॅनेल यांचाही समावेश करता येतो, मात्र अर्जात त्यांची नोंद नीट करावी. आगरातल्या नारळी-पोफळी या विम्यात येत नाहीत. समुद्राने किंवा नदीने हळूहळू कापून नेलेली जमीन आणि त्यामुळे खचलेली इमारत हेही संरक्षणाबाहेर आहे, आणि अगदी पुळणीलगत किंवा खाडीकाठी घर असणाऱ्यांनी हे वाक्य पॉलिसीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. डोंगरउतारावरून दरड येऊन भिंत पडली तर दावा होतो. भरावाची जमीन बसत गेल्याने जोत्याला भेगा पडल्या तर होत नाही.

आता घर बंद असण्याचा मुद्दा. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिल्यास, कंपनीची आधी संमती घेतलेली नसेल तर, संरक्षण थांबत असे. घरफोडीच्या अनेक पॉलिसींमध्ये आजही रिकाम्या घराबाबत अशी दिवसांची मर्यादा असते. तुमच्या पॉलिसीत ही अट कोणत्या शब्दांत आहे ते तपासावेच. परंतु ती असो वा नसो, प्रस्ताव अर्जात ‘हे घर वर्षातील बहुतांश काळ बंद असते, अमुक व्यक्ती त्यावर लक्ष ठेवते’ असे स्पष्ट लिहावे आणि कंपनीने ते स्वीकारल्याची नोंद पॉलिसीवर किंवा निदान ई-मेलवर मागावी. विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे आणि महत्त्वाची माहिती दडवली असे ठरल्यास दावा नाकारण्याचे कारण कंपनीच्या हाती आयते पडते. एजंट अनेकदा ‘राहते घर’ या रकान्यात खूण करून मोकळा होतो, कारण त्याने अर्ज लवकर मंजूर होतो. माझ्या स्वतःच्या घराच्या पहिल्या अर्जात हेच झाले होते आणि ते दुरुस्त करून घ्यायला मला तीन पत्रे लिहावी लागली. त्या पत्रांवर खर्च केलेला वेळ मला आजही सार्थकी लागलेला वाटतो. भिंती मातीच्या आहेत की चिऱ्याच्या, छप्पर कौलारू आहे की पत्र्याचे की स्लॅबचे, हेही जसे आहे तसेच लिहावे.

याहून अवघड, आणि कोकणात जवळजवळ घरोघरी आढळणारा प्रश्न मालकीचा आहे. घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर चार भावांची आणि दोन आत्यांची नावे, वारसनोंद अर्धवट, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र एकच पुतण्या करतो, असे चित्र सर्वत्र दिसते. विमा घेणाऱ्याचा त्या घरात विमायोग्य हितसंबंध असावा लागतो, म्हणजे घराचे नुकसान झाले तर त्याचे आर्थिक नुकसान होते हे कायद्याने दाखवता आले पाहिजे. एकट्या पुतण्याने स्वतःच्या नावाने पूर्ण घराचा विमा काढला तर दाव्याच्या वेळी ‘तुमचा हिस्सा किती’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्या क्षणी भाऊबंदांच्या सह्या गोळा करणे किती कठीण असते हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आधी तलाठ्याकडून सातबारा आणि ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढावा, मयत व्यक्तींच्या वारसांची नोंद पूर्ण करून घ्यावी, आणि पॉलिसी शक्यतो सर्व सहहिस्सेदारांच्या नावाने घ्यावी. ते जमत नसेल तर विमा कोणी घ्यायचा, हप्ता कोणी भरायचा आणि भरपाईची रक्कम घर उभे करण्यासाठीच वापरायची, असे सर्वांच्या सह्यांचे संमतिपत्र करून त्याची प्रत कंपनीला अर्जासोबत द्यावी. गणपतीत सगळे एकत्र जमतात, तेव्हा आरती झाल्यावर अर्धा तास या कामाला काढला तर पुढची अनेक वर्षे वाद टळतात.

विमा रक्कम ठरवताना घराचा बाजारभाव लक्षात घेऊ नये, कारण त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन वादळात उडून जात नाही. ‘भारत गृह रक्षा’मध्ये घराचे चटई क्षेत्र (बाहेरच्या भिंती सोडून आतली वापराची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा प्रति चौरस फूट खर्च अशी रक्कम काढतात. समजा, चटई क्षेत्र ९०० चौरस फूट आहे आणि तसेच घर आज बांधायला प्रति चौरस फूट २,००० रुपये लागतात, तर विमा रक्कम १८ लाख रुपये होते. हा दर शहरातल्या ठेकेदाराला विचारू नये. तुमच्याच तालुक्यातील गवंडी आणि सुतार यांच्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे, कारण चिरा वाहून आणण्याचा खर्च, वाशांसाठी लागणारे लाकूड आणि ते जुन्या पद्धतीने जोडणाऱ्या सुताराची मजुरी ही गावागणिक बदलते. या पॉलिसीत कमी विम्याची कपात माफ आहे. इतर पॉलिसींत १८ लाखांच्या घराचा ९ लाखांचाच विमा असेल तर ४ लाखांच्या नुकसानीवर २ लाखच हाती येऊ शकतात. इथे तशी निम्मी कपात होत नाही, तरीही नोंदवलेल्या रकमेपेक्षा जास्त भरपाई मिळत नाही, म्हणून आकडा खरा असावा. घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतल्यास सामान्य घरसामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ६० हजार होईल. पॉलिसी १० वर्षांपर्यंतही घेता येते आणि दीर्घ मुदतीत घराची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. नूतनीकरणाची तारीख विसरण्याचा धोका बंद घराच्या बाबतीत सर्वांत मोठा असल्यामुळे मी दीर्घ मुदतीच्याच बाजूने आहे.

चोरीबाबत मोठा गैरसमज आहे. या मूळ पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. वादळ, पूर, आग यांसारखी विमाकृत घटना घडल्यानंतर ७ दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच झालेली चोरी तेवढी येते. छप्पर उघडे पडल्याचे पाहून दहाव्या दिवशी कोणी तांब्याचा बंब उचलून नेला तर तो दावा बसत नाही, यासाठी घटनेच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी घर पाहून, ताडपत्री टाकून, दारे बंद करणे आवश्यक आहे. घरफोडीचे संरक्षण हवे असेल तर ते वेगळे घ्यावे आणि त्यात सहसा कुलूप तोडल्याच्या, कडी उचकटल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात हे ध्यानात ठेवावे. देवघरातील चांदीची उपकरणी आणि दागिने बंद घरात ठेवूच नयेत.

वाळवीने पोखरलेले आढे, वर्षानुवर्षे गळणारी कौले, ओल धरून फुगलेली भिंत हे सारे झीज आणि दुर्लक्ष या सदरात मोडते आणि कोणताही विमा त्याची भरपाई देत नाही. इतकेच नव्हे, तर वादळात पडलेल्या छपराचे वासे आधीच कुजलेले होते असे सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, आढळल्यास खऱ्या नुकसानीचाही दावा कमी होतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात घर शाकारून घ्यावे, फुटकी कौले बदलावीत, वानरांनी सरकवलेली कौले परत बसवावीत, पन्हळी साफ कराव्यात, छपरावर आलेल्या फांद्या तोडाव्यात आणि पावसाच्या बाजूच्या पडवीला झड (झावळ्यांचा आडोसा) बांधावी. वाळवीसाठी जोत्याच्या कडेने औषध मारून त्याची पावती जपावी. निघताना मेन स्विच बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर काढावा, टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, आणि पुराची जागा असेल तर पंपाची मोटर काढून उंचावर ठेवावी. विजेचा दाब वाढून जळालेला पंप किंवा इन्व्हर्टर सहसा या विम्यात येत नाही.

घरावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला ठरावीक मेहनताना द्यावा, केवळ ओळखीवर विसंबू नये. महिन्यातून एकदा घर उघडून हवा खेळू द्यायची आणि छप्पर, मागची भिंत, विहीर, मीटर यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, एवढे काम त्याच्याशी स्पष्ट ठरवावे. हे फोटो, शाकारणीच्या मजुरीची पावती आणि दरवर्षीच्या घरपट्टीची पावती एकत्र ठेवल्यास निगा राखल्याचा भक्कम पुरावा तयार होतो.

घर पर्यटकांना भाड्याने देणार असाल तर ते केवळ राहण्याचे घर उरत नाही आणि विमा कंपनीला आधी कळवणे बंधनकारक ठरते. व्यवसायासाठी ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. पाहुणा पडून जखमी झाल्यास येणाऱ्या जबाबदारीचे संरक्षणही स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

नुकसान झालेच, तर कंपनीला त्याच दिवशी फोन व ई-मेलने कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत आणखी नुकसान टाळण्यापुरतीच डागडुजी करावी. पडलेली कौले आणि मोडलेले वासे फोटो काढण्याआधी हलवू नयेत. नैसर्गिक आपत्तीत तलाठ्याचा पंचनामा, आगीत अग्निशमन दलाचा किंवा पोलिसांचा अहवाल आणि घरफोडीत पोलिसांत नोंदवलेला गुन्हा लागतो. सरकारी मदतीसाठी केलेल्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी, कारण नुकसानीची तारीख आणि कारण त्यातच असते. मलबा हलवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद व तत्सम तज्ज्ञांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम ‘भारत गृह रक्षा’मध्ये मिळते, पण ती मागावी लागते. दावा नाकारला गेला तर कारण लेखी घ्यावे, आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करावी, आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनी यांच्यातील वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत, शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नसते, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.