चावी फिरवली आणि नुसती कटकट

चावी फिरवली की ‘कट-कट-कट’ आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात? बॅटरी बदलायची घाई करू नका, आधी बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायचे दोन खुंट बघा. माझ्या गाडीत लाल टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, वायरीचा क्लॅम्प (टर्मिनलवर आवळलेली पकड) बोटाने हलत होता. बॅटरी मात्र ठणठणीत होती.

हातमोजे घाला. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवा, मग लाल. हा क्रम मोडूच नका; लाल आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो, ठिणगी उडते. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो, तो थांबेपर्यंत घासायचं. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसून लाल आधी, काळी शेवटी आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर जरूर घ्या, मला तो पान्याइतकाच गरजेचा वाटतो. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. चालू इंजिनवरही आकडा वर सरकत नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि त्याचा पट्टा तपासून घ्या; नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.