घरांच्या फोटोंसाठी वाइड लेन्स घेताय? या चुका टाळा

फ्लॅटचे फोटो काढायचं काम सुरू करणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, सगळ्यात वाइड लेन्स कोणती?" बॉडी, म्हणजे कॅमेरा, कोणती आहे ते सांगत नाहीत, खोल्या केवढ्या आहेत ते सांगत नाहीत. फक्त सगळ्यात वाइड हवी.

बॉडी न बघता लेन्स घेणे. यूट्यूबवर कुणीतरी १६-३५ मिमीच्या झूमची स्तुती केलेली असते (मिमीचा आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड), मग पैसे साठवून तीच घेतात आणि क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, लावतात. १.५ क्रॉपवर, म्हणजे सेन्सर दीडपट लहान असला की, १६चे झाले २४. मग मेसेज येतो, "सर, खोली मावतच नाही." कशी मावेल? कोपऱ्यात उभं राहून दोन्ही हातांच्या भिंती फोटोत घ्यायच्या तर आडवा ९० अंशांचा कोन लागतो. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरवर, तो १८ मिमीला मिळतो, १.५ क्रॉपवर साधारण १२ला, कॅननच्या १.६ क्रॉपवर ११ला. २४ मिमीला मिळतात जेमतेम ७४ अंश. आपल्याकडच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये हा फरक म्हणजे अख्खं कपाट.

म्हणून क्रॉप बॉडी असेल तर तिच्यासाठीच बनवलेली १०-१८ किंवा १०-२० घ्या, फुल फ्रेम असेल तर १६-३५. निकॉनवाल्यांनी आणखी एक बघावं: एएफ-पी (नव्या प्रकारच्या फोकस मोटरची) १०-२० स्वस्त आणि चांगली आहे, पण डी९०, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

आहे तेवढी वाइड वापरणे. हा माझा खास राग. एका ब्रोकरने मला डावलून एका उत्साही पोराला वन बीएचके दिला होता. मला परवडत नाही म्हणाला. पोराने भाड्याने १२ मिमी आणली आणि फुल फ्रेमवर सगळं घर तिनेच काढलं. हॉल बँक्वेट हॉलसारखा दिसत होता. ब्रोकर खूश, फोन वाजायला लागले. नाशिकहून एक कुटुंब गाडी करून आलं, आजींना घेऊन. बेडरूमच्या दारात उभ्या राहून आजी म्हणाल्या, "फोटोतली खोली कुठंय?" पलंग आणि कपाट यांच्यात माणूस आडवा होऊनच जाईल एवढी जागा. चहाही न घेता मंडळी परत गेली. पुढच्या पार्ट्यांचंही तसंच झालं, आणि मालकाने फ्लॅट दुसऱ्या ब्रोकरला दिला. नवे फोटो मी काढले, बहुतेक २०-२२ मिमीला. खोली लहान दिसते अशी मालकाची कुरकुर झाली. खोली लहानच होती.

यात लेन्सचा दोष नाही, हे नीट समजून घ्या. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही लेन्स फ्रेमच्या कडेची वस्तू ताणतेच. आडव्या फ्रेमच्या कडेला असलेला गोल दिवा २४ मिमीला रुंदीत सव्वापट ताणलेला दिसतो, १६ला दीडपट, १२ला पावणेदोनपटीहूनही जरा जास्त. महागडी लेन्स घेतली तरी तेवढाच. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमधलं प्रोफाइल करेक्शन बॅरलचा, म्हणजे सरळ रेषांना आलेला पिंपासारखा, बाक काढतं, हा ताण काढत नाही. माझी सवय अशी: आधी पाठ भिंतीला टेकवायची, दाराची चौकट मागे असेल तर तिच्यातही घुसायचं, आणि मग झूम थोडा थोडा आत आणत जायचं, खोली समजेनाशी होईपर्यंत. तिथून झूम जरासा परत बाहेर. पलंगाचा कोपरा, गोल टेबल, कमोड फ्रेमच्या कडेला ठेवायचं नाही. मोबाईलची अल्ट्रावाइड १३ मिमीच्या आसपास असते, म्हणून त्या फोटोंत सिंगल बेड डबलचा दिसतो.

एफ २.८चा (जास्त प्रकाश आत घेणाऱ्या महाग लेन्सचा) हट्ट. घर कुठे पळून जातंय? ट्रायपॉड लावा, एफ ८ ठेवा, शटर कितीही लांबू द्या. २.८चे जास्तीचे पैसे ट्रायपॉडच्या हेडमध्ये घाला. "ट्रायपॉड उघडायला वेळ जातो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

भिंती पडताना दाखवणे. कॅमेरा वर-खाली झुकवला की उभ्या रेषा तिरक्या होतात, आणि लेन्स जितकी वाइड तितक्या जास्त. लेव्हल शून्यावर ठेवा आणि उंची बदला: बेडरूममध्ये कंबरेच्या जरा वर, स्वयंपाकघरात ओट्याचा पृष्ठभाग दिसेल इतकी. टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता फ्रेम वर-खाली सरकवणाऱ्या) सुंदर असतात, पण वन बीएचकेच्या दरात त्यांचं व्याजही सुटणार नाही.

फिशआय, म्हणजे सरळ रेषाच वाकवणारी लेन्स. नको.

लेन्सपुढे स्क्रूने बसवायचे स्वस्त वाइड कन्व्हर्टर. त्याहून नको.

सेकंडहँड घेताना फक्त काच बघणे. बुरशी सगळे बघतात, सरकलेलं एलिमेंट (लेन्सच्या आतली काच) कुणी बघत नाही. विकणाऱ्याच्या बाथरूममधल्या टाइल्सच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ लावा, एफ ५.६ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. डावीकडच्या फटी स्पष्ट आणि उजवीकडच्या पुसट असतील, तर कॅमेरा पुन्हा नीट सरळ लावून आणखी एकदा बघा. तरीही तसंच दिसलं तर कितीही स्वस्तात मिळत असो, घेऊ नका.